हुकूम कोणाचा, अधिकार कोणाचा?

१/
कंपनीच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये एक बटण असते. ते दाबले की दिवसभराची देणी बँकेला हव्या असलेल्या फाइलमध्ये बांधली जातात, गोदामातला लेबले छापणारा प्रिंटर जागा होतो, किंवा महिन्याचा ताळेबंद एक्सेलमध्ये उघडतो. यातले काहीच ते मूळ सॉफ्टवेअर स्वतः करीत नाही. ते बाहेरच्या एखाद्या प्रोग्रामला हाक मारते, आणि ती हाक कुणीतरी त्या कंपनीपुरत्या लिहिलेल्या दहा-वीस ओळींच्या स्क्रिप्टमध्ये असते. आजचा धागा त्या हाकेच्या इतिहासाचा. मोठा आहे, चहा घेऊन बसा.

२/
इथे राजे नाहीत, तह नाहीत, आणि तारखाही बहुतेक विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातल्या आहेत. तरी जुन्या दफ्तरांत वावरणाऱ्या कोणालाही ओळखीचा वाटेल असा एक प्रश्न या साऱ्यातून वाहतो. हुकूम कोणी दिला, तो कोणाच्या अधिकाराने बजावला गेला, आणि हे दोघे वेगळे असतील तर मधल्यामध्ये काय घडते? एका प्रोग्रामने दुसऱ्याला हाक मारणे फार लवकर साधले. अधिकाराचा प्रश्न मात्र साठ वर्षांनंतरही पुरता सुटलेला नाही.

३/
सुरुवातीला हाक मारणारा माणूसच होता. पन्नाशीच्या दशकातील संगणकावर एक काम संपले की ऑपरेटर पुढच्या कामाची छिद्रित पत्रे यंत्रात घाली, फिती बदली, कळा दाबी. तेवढा वेळ ते महागडे यंत्र रिकामे बसे. १९५६ साली जनरल मोटर्सचे रॉबर्ट पॅट्रिक आणि नॉर्थ अमेरिकन एव्हिएशनचे ओवेन मॉक यांच्या पुढाकाराने आयबीएम ७०४ साठी एक छोटी देखरेख-प्रणाली तयार झाली. तिचे मुख्य काम एकच: चालू प्रोग्राम संपला की पुढचा आपोआप सुरू करणे. पहिली ऑपरेटिंग सिस्टिम म्हणून अनेक जण हिचेच नाव घेतात. वेळ वाचला. मात्र प्रत्येक कामाकडे पाहून ‘हे कोणाचे?’ असे विचारू शकणारा माणूस त्या जागेवरून हलला, याची नोंद कोणी घेतली नाही.

४/
एप्रिल १९६४ मध्ये आयबीएमने सिस्टिम/३६० जाहीर केली आणि तिच्याबरोबर जॉब कंट्रोल लँग्वेज, म्हणजे जेसीएल, आली. प्रत्येक ओळीच्या आरंभी दोन तिरप्या रेघा. ‘एक्झेक’ या शब्दाने सुरू होणाऱ्या ओळीत कोणता प्रोग्राम चालवायचा त्याचे नाव. या प्रकल्पाचे एक सूत्रधार फ्रेड ब्रूक्स यांनी पुढे स्वतःच या भाषेवर अत्यंत कडक टीका केली. वाईट भाषांच्या यादीत तिला ते पहिला क्रमांक देत.

मला मात्र जेसीएलविषयी थोडी सहानुभूती आहे. तिच्या पहिल्या पत्रावर, जॉब कार्डावर, हिशेबाचा खाते क्रमांक आणि प्रोग्रामरचे नाव लिहिण्याची जागा होती. भाषा कितीही रुक्ष असो, हुकूम कोणाचा हे ती आधी विचारी.

५/
त्याच सुमारास एमआयटीत वेगळेच वारे वाहत होते. फर्नांडो कॉर्बाटो यांच्या सीटीएसएस प्रणालीवर अनेक माणसे आपापल्या टंकयंत्रावर बसून एकाच संगणकाला एकाच वेळी आज्ञा देऊ शकत. तिथे काम करणारे फ्रेंच अभियंता लुई पूझँ यांना त्याच त्या आज्ञा पुनःपुन्हा टाइप करण्याचा कंटाळा आला असावा. त्यांनी ‘रनकॉम’ नावाचा प्रोग्राम लिहिला. एका फाइलमध्ये आज्ञा ओळीने लिहून ठेवायच्या. रनकॉम त्या वाचून एकेक चालवणार. मध्ये रिकाम्या जागा सोडायच्या आणि त्या ऐन वेळी भरायच्या, अशीही सोय होती.

६/
स्क्रिप्ट ती हीच. आज कंपन्यांमध्ये ‘आमच्यापुरती एक छोटी स्क्रिप्ट टाकली आहे’ असे जे म्हटले जाते, त्या वाक्याची वंशावळ थेट १९६३-६४ च्या रनकॉमपर्यंत जाते. लिनक्स वापरणाऱ्यांनी ‘.बॅशआरसी’ ही फाइल पाहिली असेल. त्यातील ‘आरसी’ ही अक्षरे रनकॉमचीच. पूझँ यांनी मल्टिक्स या पुढच्या प्रणालीसाठी आज्ञा वाचून प्रोग्राम बोलावणाऱ्या थराची कल्पना मांडली, त्याला ‘शेल’ हे नाव दिले आणि १९६५ मध्ये ते फ्रान्सला परतले. मल्टिक्सचे पहिले शेल प्रत्यक्षात उतरवण्याचे काम ग्लेंडा श्रोडर यांनी केले. हे नाव फारसे घेतले जात नाही, म्हणून इथे मुद्दाम लिहिले.

७/
मल्टिक्समधून बेल लॅब्ज बाहेर पडली, आणि १९६९ मध्ये केन थॉम्पसन व डेनिस रिची यांनी पीडीपी-७ या लहानशा संगणकावर युनिक्सची पायाभरणी केली. आरंभी तिथले शेल विचित्रच वागे: एखादा प्रोग्राम चालवायचा झाला की तो स्मृतीत स्वतःच्याच जागी आणून बसवी, म्हणजे बोलावणारा स्वतः नाहीसा होई. काम संपले की नवे कोरे शेल पुन्हा आत आणावे लागे.

८/
उपाय होता ‘फोर्क’. चालू प्रोग्रामने आपली हुबेहूब प्रत काढायची, आणि त्या प्रतीने नव्या प्रोग्रामचे रूप घ्यायचे. मूळ प्रोग्राम तिथेच थांबून वाट पाहणार. ही कल्पना बर्कलीच्या एका आधीच्या प्रणालीतून आलेली. रिची यांनी पुढे लिहून ठेवले आहे की पीडीपी-७ वर फोर्कसाठी असेम्ब्ली भाषेच्या नेमक्या २७ ओळी लागल्या. आज जगातल्या असंख्य सर्व्हरवर एका प्रोग्रामने दुसऱ्याला बोलावण्याची जी रीत आहे, तिचे बीज या २७ ओळींत आहे. १९७३ च्या सुमारास डग मॅकिलरॉय यांच्या आग्रहाने ‘पाइप’ आले आणि एका प्रोग्रामचे उत्तर सरळ दुसऱ्याच्या तोंडात पडू लागले. ती गोष्ट मोठी आहे. स्वतंत्र धाग्याचा विषय.

९/
आपल्याला इथे थांबायचे आहे ते ‘प्रत’ या शब्दापाशी. बोलावलेला प्रोग्राम बोलावणाऱ्याची प्रत म्हणून जन्मतो, म्हणून त्याला वारसाही मिळतो. कोणत्या वापरकर्त्याच्या नावाने चालायचे, कोणत्या फाइली उघड्या आहेत, हे सारे आपोआप हस्तांतरित होते. १९७९ च्या सातव्या आवृत्तीपासून त्यात ‘एन्व्हायर्न्मेंट’ची भर पडली: नाव आणि त्यापुढे मजकूर, अशा चिठ्ठ्यांची एक थैली. बोलावणारा ती पुढच्याच्या खांद्यावर टाकतो आणि पुढचा ती न विचारता घेतो. ही थैली लक्षात ठेवा. पस्तीस वर्षांनी तिच्यातून काय निघाले ते शेवटी पाहू.

१०/
वारशाने मिळालेला अधिकार कधी कधी अपुरा पडतो. साधे उदाहरण पासवर्ड बदलण्याचे. पासवर्डांच्या फाइलमध्ये सामान्य वापरकर्त्याला लिहिता येऊ नये, हे उघड आहे. पण स्वतःचा पासवर्ड बदलता आला पाहिजे, हेही तितकेच उघड. रिची यांची युक्ती अशी, की प्रोग्रामवर एक खूण करायची. ती असेल तर प्रोग्राम बोलावणाऱ्याच्या अधिकाराने न चालता आपल्या मालकाच्या अधिकाराने चालेल. या ‘सेटयूआयडी’ कल्पनेच्या पेटंटसाठी बेल लॅब्जने १९७३ मध्ये अर्ज केला, १९७९ मध्ये ते मिळाले, आणि पुढे ते सर्वांसाठी खुले करण्यात आले.

११/
मराठी इतिहासाच्या वाचकांना हे समजायला जड जाऊ नये. प्रधान मोहिमेवर गेला की त्याचा मुतालिक कारभार पाही, आणि त्याने केलेले काम प्रधानाच्या अधिकारात केलेले धरले जाई. मुतालिकाशिवाय राज्य चालत नाही. प्रश्न एवढाच, की मुतालिकापुढे कागद कोण ठेवतो?

१२/
या प्रश्नावरचा माझा आवडता दस्तऐवज ऑक्टोबर १९८८ चा आहे. नॉर्म हार्डी यांनी एसीएमच्या ऑपरेटिंग सिस्टिमविषयक नियतकालिकात एक छोटासा लेख लिहिला. त्याचे शीर्षक मराठीत आणायचे तर ‘गोंधळलेला मुतालिक’ असे आणता येईल. घटना त्याच्या सुमारे अकरा वर्षे आधीची, टाइमशेअर या कॅलिफोर्नियातील कंपनीतली. ही कंपनी आपल्या संगणकाचा वेळ ग्राहकांना भाड्याने देई. साधनचिकित्सेची सवय म्हणून सांगतो: अनावश्यक तपशील थोडे बदलले आहेत, असे लेखकानेच आरंभी नमूद केले आहे.

१३/
गोष्ट अशी. कंपनीने फोरट्रान भाषेचा कंपायलर एका खास डिरेक्टरीत ठेवला होता. तिचे नाव ‘सिसएक्स’. ग्राहक आपल्या खात्यातून त्या कंपायलरला हाक मारी आणि आपला प्रोग्राम त्याच्याकडे सोपवी. हवे असल्यास तो एका फाइलचे नावही देई, म्हणजे चुका शोधायला उपयोगी अशी माहिती कंपायलर त्या फाइलमध्ये लिही.

पुढे कंपनीला वाटले की ग्राहक भाषेची कोणती अंगे किती वापरतात याची आकडेवारी जमवावी. ती लिहायला कंपायलरने ‘सिसएक्स’मध्येच ‘स्टॅट’ नावाची फाइल ठेवावी, असे ठरले. आता ग्राहकाला तिथे लिहिण्याची मुभा नव्हती. म्हणून कंपायलरलाच एक परवाना देण्यात आला: आपल्या घरच्या डिरेक्टरीत त्याने खुशाल लिहावे.

१४/
त्याच डिरेक्टरीत आणखी एक फाइल होती. तिचे नाव ‘बिल’. ग्राहकांकडून किती पैसे यायचे त्याचा हिशेब तिच्यात होता.

कोणा ग्राहकाला हे नाव कळले. त्याने कंपायलरला हाक मारताना, चुकांची माहिती लिहिण्याच्या फाइलच्या जागी ‘सिसएक्स’मधील ‘बिल’ असे नाव दिले. कंपायलरने ते नाव जसेच्या तसे ऑपरेटिंग सिस्टिमपुढे ठेवले. सिस्टिमने पाहिले: मागणारा कोण? कंपायलर. त्याला या डिरेक्टरीत लिहिण्याचा परवाना आहे का? आहे. लिही. ‘बिल’ फाइलवर दुसराच मजकूर चढला आणि हिशेब गेला.

१५/
आता दोषी कोण, हे ठरवायला बसा. सिस्टिमने नियम पाळला. कंपायलरने सांगितलेले काम केले. परवाना देणाऱ्याचा हेतू स्वच्छ होता. ग्राहकाने फक्त एक नाव दिले. ती फाइल तो स्वतः कधीच उघडू शकला नसता. कंपायलर दोन धन्यांची सेवा करीत होता, एक त्याला हाक मारणारा ग्राहक आणि दुसरी त्याला परवाना देणारी कंपनी. ‘बिल’ फाइल उघडताना आपण कोणाच्या वतीने हात पुढे करतो आहोत, हे सांगायला त्याच्याकडे जागाच नव्हती.

१६/
हार्डी यांचे म्हणणे असे, की ‘या नावाची फाइल आली तर नकार दे’ असे तपासणीचे तुकडे कितीही जोडले तरी ते ठिगळच ठरते. नाव एकीकडून आणि अधिकार दुसरीकडून आला की गोंधळ होणारच. दोन्ही एकाच वस्तूत बांधून द्यावे. फाइलचे नुसते नाव न देता, ती उघडण्याचा अधिकारच ग्राहकाने आपल्या हातातून कंपायलरच्या हाती ठेवावा. ग्राहकाकडे ‘बिल’चा अधिकार नव्हताच, मग तो देणार काय? या विचारावर उभी राहिलेली एक संपूर्ण ऑपरेटिंग सिस्टिम हार्डी व त्यांच्या सहकाऱ्यांनी बांधलीही. तिचे पुढचे नाव कीकॉस. बाजाराने ती उचलली नाही.

१७/
लेख छापून येतो न येतो तोच, २ नोव्हेंबर १९८८ रोजी, कॉर्नेल विद्यापीठातील विद्यार्थी रॉबर्ट मॉरिस याने सोडलेला ‘वर्म’ इंटरनेटभर पसरला. त्याच्या अनेक वाटांपैकी एक आपल्या विषयाची आहे. टपाल पोचवणाऱ्या ‘सेंडमेल’ या प्रोग्राममध्ये चाचणीची एक सोय राहून गेली होती. ती चालू असेल तर पत्र कोणाला द्यायचे त्या जागी माणसाच्या पत्त्याऐवजी चक्क आज्ञा लिहिता येई, आणि सेंडमेल ती शेलकडून चालवून घेई. म्हणजे पाकिटावर पत्त्याच्या जागी लिहिलेला मजकूर टपालवाल्याने हुकूम समजून बजावावा, तसे. मॉरिसला तीन वर्षांची प्रोबेशन, ४०० तास समाजसेवा आणि १०,०५० डॉलर दंड अशी शिक्षा झाली. १९८६ च्या अमेरिकी संगणक-गुन्हे कायद्याखाली ज्युरीपुढे दोषी ठरलेला तो पहिलाच.

१८/
आता कंपनीच्या दफ्तरात जाऊ, कारण धाग्याची सुरुवात तिथून होती. आयबीएम सोडलेल्या पाच जर्मन अभियंत्यांनी १९७२ मध्ये एसएपी ही कंपनी काढली. हिशेब, खरेदी, साठा, पगार हे सारे एकाच प्रणालीत आणणे हा तिचा उद्योग. १९७९ ची आर/२ ही आवृत्ती मेनफ्रेमवर चाले. १९९२ मध्ये आर/३ आली ती वेगळ्या घडणीची: पडदा वापरणाऱ्याच्या टेबलावरील पीसीवर, कामाचे तर्क मधल्या सर्व्हरवर, माहिती तिसऱ्या यंत्रावर. मधला सर्व्हर पुष्कळदा युनिक्सचा. पुण्यात तुमच्या ओळखीचे कोणी ‘सॅप’मध्ये असतील तर ते बहुधा याच घराण्यातील प्रणालींची देखभाल करतात.

१९/
मेनफ्रेमच्या वाड्यात सगळे एका छपराखाली होते. आर/३ भोवती मात्र बाजार भरला. फाइली पाठवणारे, लेबले छापणारे, जुने कागद साठवणारे, बँकेशी बोलणारे परके प्रोग्राम शेजारी येऊन बसले. त्यांना हाक मारण्याची गरज रोजची झाली. एसएपीची स्वतःची भाषा होती, अबॅप. तिच्यातून ऑपरेटिंग सिस्टिमला थेट आज्ञा पाठवणारी एक आतली वाट होती, आणि ग्राहक कंपन्यांचे प्रोग्रामर ती सर्रास वापरीत. आज्ञेचा मजकूर जुळवायचा, पुढे ढकलायचा, काम झाले.

२०/
ही आज्ञा सर्व्हरवर कोणाच्या नावाने चाले? बटण दाबणाऱ्या कारकुनाच्या नावाने नव्हे. युनिक्सच्या दृष्टीने तो कारकून अस्तित्वातच नसतो. त्याची ओळख फक्त एसएपीच्या आत. बाहेर सारी कामे एकाच खात्याने होतात: ज्या खात्याने ती एसएपी प्रणाली स्वतः चालते, त्या प्रशासकीय खात्याने. प्रणालीच्या सगळ्या फाइली त्याला खुल्या.

टाइमशेअरचा कंपायलर आठवला ना? फक्त इथे पणाला लागली होती अख्ख्या कारखान्याची खातेवही. स्क्रिप्टमध्ये ‘फाइलचे नाव द्या’ अशी रिकामी जागा असेल, आणि कोणी त्या जागी नावापुढे अर्धविराम देऊन दुसरी आज्ञा लिहिली, तर शेलला तो अर्धविराम म्हणजे एक आज्ञा संपून दुसरी सुरू झाल्याची खूण वाटे.

२१/
एसएपीने यावर काढलेला तोडगा मला फार दफ्तरी वाटतो, आणि हे मी कौतुकाने म्हणतो. त्यांनी नोंदवही ठेवली. एसएम६९ नावाच्या पडद्यावर प्रशासकाने प्रत्येक बाहेरच्या आज्ञेला एक नाव द्यायचे. कोणत्या ऑपरेटिंग सिस्टिमवर, प्रत्यक्ष कोणता प्रोग्राम, कोणत्या ठरलेल्या माहितीसह चालेल, ते त्या नावापुढे लिहायचे. ग्राहकाने स्वतः नोंदवलेल्या नावांचे पहिले अक्षर झेड किंवा वाय. चालवण्याचा पडदा निराळा, एसएम४९. अबॅप स्क्रिप्टने आता मूळ आज्ञा उच्चारायचीच नाही; ठरलेल्या फंक्शनकडे फक्त नोंदलेले नाव द्यायचे.

२२/
नोंद करण्याचा अधिकार आणि नोंदलेले चालवण्याचा अधिकार हेही वेगळे ठेवले गेले. दुसरा अधिकार तर तीन गोष्टी पाहून दिला जातो: कोणती आज्ञा, कोणत्या प्रकारची सिस्टिम, कोणते यंत्र. सर्व्हरला अनोळखी असलेल्या त्या कारकुनाची ओळख निदान दारापर्यंत तरी तपासली जाऊ लागली.

पण त्याच नोंदीच्या पडद्यावर एक लहानशी चौकट आहे: ऐन वेळी जादा माहिती जोडू द्यायची का? कामाच्या घाईत तिच्यावर खूण करण्याचा मोह होतोच, कारण प्रत्येक वेळी फाइलचे नाव वेगळे असते. खूण केली की रनकॉमच्या रिकाम्या जागा परत आल्या, आणि त्यांच्याबरोबर त्या कोण भरतो हा प्रश्नही.

२३/
उलट दिशेची हाकही याच प्रणालीत आहे. सर्व्हरवरील अबॅप स्क्रिप्ट वापरणाऱ्याच्या पीसीवरचा एक्सेल उघडू शकते. तिथे अधिकार त्या माणसाचा आणि हुकूम सर्व्हरचा. म्हणून पुढच्या काळात पीसीवरील एसएपीचा पडदा ‘हा प्रोग्राम चालू द्यायचा का?’ असे विचारू लागला. आणि अशा वेळी आपण सारे काय करतो? ‘हो’ वर टिचकी मारतो.

२४/
एक्सेल-वर्डमधील मॅक्रोंची कहाणी बहुतेकांना ठाऊक आहे, म्हणून झटपट उरकतो. १९९५ मध्ये वर्डमधून पसरणारा ‘कन्सेप्ट’, १९९९ मध्ये ‘मेलिसा’, आणि ४ मे २००० रोजी फिलिपिन्समधून निघालेले ‘आय लव्ह यू’, म्हणजे प्रेमपत्राचे नाव धारण केलेली स्क्रिप्ट. तिन्हींत जुनीच अदलाबदल: वाचायचा कागद म्हणून जे आले ते हुकूम म्हणून चालले. इंटरनेटवरून आलेल्या कागदांतील मॅक्रो आरंभापासून बंद ठेवण्याचा निर्णय मायक्रोसॉफ्टने जाहीर केला तो २०२२ मध्ये. ‘कन्सेप्ट’पासून मोजले तर सत्तावीस वर्षे.

२५/
आता त्या थैलीकडे वळू. १९९३ मध्ये अमेरिकेतील एनसीएसए या संस्थेच्या वेब सर्व्हरवर ‘सीजीआय’ नावाची रीत रूढ होऊ लागली. वेब सर्व्हर फक्त साठवलेली पाने दाखवू शके. एखाद्या पानासाठी कोठार चाळायचे, हिशेब करायचा, तर त्याने बाहेरच्या प्रोग्रामला हाक मारायची. विनंती कोणाची, कोणत्या ब्राउझरमधून आली, काय मागितले, हा तपशील त्या प्रोग्रामला द्यायचा कसा? थैली होतीच. प्रत्येक तपशिलाची चिठ्ठी करून एन्व्हायर्न्मेंटमध्ये टाकली की झाले.

साधी, सुटसुटीत रीत. असंख्य कंपन्यांच्या अंतर्गत प्रणाली या रीतीने वेबवर आल्या.

२६/
त्याआधी चार वर्षे, १९८९ मध्ये, ब्रायन फॉक्स यांनी लिहिलेले ‘बॅश’ हे मुक्त शेल बाहेर पडले होते. त्यात त्याच वर्षी एक सोय आली. एका बॅशने दुसऱ्या बॅशला बोलावताना आपण रचलेले फंक्शन, म्हणजे आज्ञांचा नाव दिलेला गुच्छ, थैलीतून पुढे पाठवावे. नवे बॅश जागे झाले की थैली तपासे. एखादी चिठ्ठी ठरावीक कंसांच्या खुणेने सुरू झाली की ते समजे, हे फंक्शन आहे. आणि तो मजकूर आज्ञा म्हणून वाचून फंक्शन तयार करी.

दोष एवढाच होता, की फंक्शनचा शेवटचा कंस आला तरी वाचन थांबत नसे. त्या कंसापुढे आणखी काही लिहिलेले असेल तर तेही लगोलग चालवले जाई.

२७/
सप्टेंबर २०१४ मध्ये स्टेफान शाझेला यांच्या हे लक्षात आले. २४ तारखेला ते जाहीर झाले आणि ‘शेलशॉक’ हे नाव पडले. दूरचा कोणीही माणूस आपल्या ब्राउझरच्या नावाच्या जागी ते कंस आणि त्यांच्यापुढे आज्ञा लिहून विनंती धाडू शके. वेब सर्व्हर ते ‘नाव’ इमानाने चिठ्ठीवर उतरवी. सीजीआयचा प्रोग्राम वाटेत कुठे बॅशला शिवला की ती आज्ञा सर्व्हरच्या अधिकाराने चाले. पासवर्ड नाही, परवाना नाही. काही तासांतच हल्ले सुरू झाले.

२८/
‘पंचवीस वर्षे कोणाला दिसले कसे नाही?’ असे तेव्हा खूप विचारले गेले. इतिहासाच्या विद्यार्थ्याला हा प्रश्न थोडा कालविपर्यस्त वाटतो. १९८९ मध्ये थैली भरणारा आणि बॅश चालवणारा माणूस एकच होता. स्वतःच्याच चिठ्ठीत स्वतःविरुद्ध आज्ञा कोण लिहील? तेव्हा तो फार तर एक ढिसाळपणा होता. १९९३ नंतर थैली परके लोक भरू लागले, आणि त्याच ओळींचा अर्थ बदलला. ज्यांनी सीजीआय रचले त्यांनी बॅशची ती ओळ पाहिली नव्हती. ज्यांनी ती ओळ लिहिली त्यांच्यापुढे वेब नव्हते. दोन निर्दोष निर्णय चार वर्षांच्या अंतराने एकमेकांवर रचले गेले.

२९/
इथे शिवकालीन पत्रे आठवल्यावाचून राहत नाहीत. महाराजांच्या पत्राच्या माथ्यावर राजमुद्रा असे हे सर्वांना माहीत असते. अखेरीस एक लहान शिक्का असे, त्याकडे लक्ष कमी जाते: ‘मर्यादेयं विराजते’. पत्र इथे संपले, यापुढे जे दिसेल ते आमचे नाही, असा त्याचा आशय. त्यालाच मोर्तब म्हणत. आपला ‘शिक्कामोर्तब’ हा शब्द या जोडीतून आलेला. मजकुराखालच्या कोऱ्या जागेत कोणी दोन ओळी वाढवल्या तर काय होईल, याची काळजी त्या लेखनपद्धतीत होती. बॅशला माथ्याची खूण कळत होती. मर्यादा कळत नव्हती.

३०/
दुरुस्ती एका झटक्यात झाली नाही. पहिले ठिगळ त्याच दिवशी आले. त्यातून निसटणारी वाट टॅव्हिस ऑर्मंडी यांनी लगेच दाखवली, आणि पुढच्या काही दिवसांत आणखी फटी सापडल्या. अखेर टिकला तो वेगळ्या जातीचा उपाय, फ्लोरियन वाइमर यांनी सुचवलेला. मजकूर पाहून फंक्शन ओळखणे सोडून द्यायचे. बॅश ज्या चिठ्ठीतून फंक्शन पाठवील तिच्या नावालाच आरंभी एक ठरावीक उपपद आणि शेवटी टक्क्याची दोन चिन्हे लावायची. वेब सर्व्हर परक्याचा मजकूर ज्या चिठ्ठ्यांवर उतरवतो, त्यांची नावे तो स्वतः ठरवतो आणि ती अशी कधीच नसतात. त्यामुळे ब्राउझरच्या जागी कोणी काहीही लिहिले तरी बॅश त्याकडे फंक्शन म्हणून पाहत नाही. आजही बॅशमध्ये फंक्शन पुढे पाठवून थैलीतील चिठ्ठ्यांची यादी मागवली, तर ती दोन चिन्हे त्या नावाच्या शेपटाला लागलेली दिसतात.